जनुकक्रम-माहितीपेढीतील नोंदींचा संगणकीय शोध : बायोपायथॉन लायब्ररीच्या संदर्भात

बीजसंज्ञा : जैवमाहितीशास्त्र, जेनबँक, नोंदक्रमांक, बायोपायथॉन, एन्ट्रेझ, कोविड-१९ विषाणू

प्रस्तावना :

जीवशास्त्राच्या अभ्यासकाला एकेकाळी सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या आणि नमुन्यांचा संग्रह एवढी सामग्री पुरत असे. गेल्या चार दशकांत या सामग्रीत जनुकक्रमांच्या माहितीपेढ्यांची भर पडली आहे. प्रयोगशाळेत वाचलेला डीएनएचा क्रम माहितीपेढीत जमा करावा आणि तेथे मिळालेला नोंदक्रमांक शोधनिबंधात द्यावा, असा दंडक बहुतेक प्रतिष्ठित नियतकालिकांनी घालून दिला. परिणामी कोट्यवधी रुपयांची यंत्रसामग्री नसलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही, केवळ एक संगणक आणि आंतरजालाची जोडणी यांच्या बळावर, खऱ्याखुऱ्या जनुकीय माहितीवर काम करता येते. ग्रामीण भागातील महाविद्यालयांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि माहिती विनामूल्य मिळणे आणि ती पूर्ण व अचूक मिळणे या दोन भिन्न बाबी आहेत. पदव्युत्तर प्रकल्पाच्या अहवालात 'माहितीपेढीत सदर प्रजातीच्या २० नोंदी आढळल्या' अशा धर्तीचे विधान दिसले, तर मार्गदर्शकाने क्षणभर थांबावे. हा २० चा आकडा निसर्गातून आलेला नसून आज्ञावलीतील एका न बदललेल्या मर्यादेतून आलेला असण्याची शक्यता बरीच असते. त्याचे कारण पुढे येईलच. प्रस्तुत लेखात जेनबँक या माहितीपेढीतील नोंदी पायथॉन भाषेतील बायोपायथॉन या लायब्ररीच्या साहाय्याने कशा शोधाव्यात, कशा आणाव्यात व कशा वाचाव्यात याचे विवेचन केले आहे. उदाहरणादाखल मुख्यतः कोविड-१९ विषाणूची नोंद घेतली आहे, कारण ती सर्वांच्या परिचयाच्या विषयाशी निगडित आहे आणि अशा कामातील जवळजवळ सर्व अडचणी तीत एकत्र सापडतात. संगणकाला द्यावयाच्या आज्ञा रोमन लिपीतच टंकित कराव्या लागतात. येथे त्यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

माहितीपेढीची जडणघडण :

मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्ये ६५ प्रथिनांचे क्रम एकत्र करून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हापासून या प्रयत्नांचा आरंभ मानता येतो. डीएनएच्या क्रमांसाठी अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे वॉल्टर गोड यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये जेनबँक सुरू झाली. त्या वर्षीच्या डिसेंबरमधील प्रकाशनात ६०६ क्रम आणि एकूण ६,८०,३३८ अक्षरे होती. दर पानास दोन हजार अक्षरे धरली तर हा सारा ऐवज सुमारे साडेतीनशे पानांच्या एका ग्रंथात मावला असता. आज अक्षरांची संख्या कित्येक लक्ष कोटींच्या घरात गेली आहे. ग्रंथ चाळावा तशी ही माहिती चाळणे आता कोणालाही शक्य नाही आणि म्हणूनच शोध घेण्याचे काम आज्ञावलीकडे सोपवावे लागते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या अंतर्गत १९८८ मध्ये राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान माहिती केंद्र स्थापन झाले आणि १९९२ पासून जेनबँकेची जबाबदारी या केंद्राकडे आली. युरोपातील व जपानमधील समकक्ष माहितीपेढ्यांशी तिची दररोज देवाणघेवाण चालते. त्यामुळे जपानमधील मिशिमा येथे जमा झालेला क्रम अमेरिकेतील माहितीपेढीतही त्याच क्रमांकाने सापडतो. आपल्याकडे केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ऐंशीच्या दशकात जैवमाहितीशास्त्र केंद्रांचे जाळे उभारले. त्यातील एक केंद्र १९८७ मध्ये तत्कालीन पुणे विद्यापीठात सुरू झाले. फरीदाबाद येथील भारतीय जैविक विदा केंद्र २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले.

नोंद म्हणजे काय? :

जेनबँकेतील नोंद ही केवळ अक्षरांची माळ नसते. तिची तुलना आपल्याकडील सातबाराच्या उताऱ्याशी करता येईल. उताऱ्यात जमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र, खातेदार, पीक आणि फेरफार यांची ठरलेल्या रकान्यांत नोंद असते. तशीच जेनबँकेच्या नोंदीत क्रमाची लांबी, रेणूचा प्रकार, सजीवाचे नाव व वर्गीकरण, जमा करणाऱ्यांची नावे, नमुना कोठून व केव्हा घेतला याचा तपशील, क्रमातील कोणता भाग कोणत्या जनुकाचा याची यादी आणि सरतेशेवटी प्रत्यक्ष क्रम असतो. उपमा फार ताणू नये. परंतु एका बाबतीत ती फारच उपयुक्त आहे. उताऱ्यावर गट क्रमांक तोच राहून फेरफार होत जातात, त्याप्रमाणे माहितीपेढीतही नोंदक्रमांक तोच राहतो आणि क्रमात दुरुस्ती झाली की बिंदूनंतरचा आवृत्तीचा आकडा वाढतो.

कोविड-१९ विषाणूचा पहिला प्रसिद्ध जनुकक्रम एमएन९०८९४७ या क्रमांकाने जेनबँकेत आहे. वुहान येथील एका रुग्णाकडून डिसेंबर २०१९ मध्ये घेतलेल्या नमुन्यावरून झांग योंगझेन यांच्या गटाने तो वाचला आणि जानेवारी २०२० मध्ये तो जगासमोर आला. त्याच्या पहिल्या आवृत्तीची लांबी ३०,४७३ अक्षरे होती, दुसरीची २९,८७५ आणि आज प्रचलित असलेल्या तिसरीची २९,९०३. तीनही आवृत्त्यांचा नोंदक्रमांक एकच आहे. ज्या अभ्यासकाने आपल्या निबंधात केवळ 'एमएन९०८९४७' एवढेच लिहिले, त्याने यांपैकी कोणत्या क्रमावर काम केले हे वाचकाला कळण्यास मार्ग नाही. 'एमएन९०८९४७.३' असे लिहिण्यास दोन अक्षरे अधिक लागतात, इतकेच.

याच क्रमाची एक प्रत एनसी_०४५५१२.२ या क्रमांकानेही आढळते. ही संदर्भ-संग्रहातील नोंद होय. जेनबँक हा अभिलेखागाराच्या स्वरूपाचा संग्रह आहे. जमा करणाऱ्याने जे दिले ते तेथे जतन होते. संदर्भ-संग्रहात मात्र माहिती केंद्राने निवडलेल्या व टिपणांची भर घातलेल्या प्रती असतात आणि त्यांच्या क्रमांकात अधोरेखा असते. सरसकट शोध घेतल्यास दोन्ही नोंदी हाती येतात आणि एकच विषाणू दोनदा मोजला जातो. वारंवारता काढणाऱ्या अभ्यासात ही बाब गंभीर ठरते.

आणखी एक लक्षणीय गोष्ट. कोरोना विषाणूचे जनुकद्रव्य आरएनए आहे, म्हणजे त्यात थायमिनऐवजी युरॅसिल असते. माहितीपेढीच्या प्रथेनुसार मात्र क्रम थायमिनच्या 'टी' या अक्षरानेच लिहिला जातो. रेणूचा प्रकार आरएनए आणि क्रमात 'यू' एकही नाही, हे पाहून विद्यार्थी गोंधळतात. नोंद चुकलेली नसते. तो केवळ लेखनसंकेत आहे.

बायोपायथॉन आणि एन्ट्रेझ :

पायथॉन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात जीवशास्त्रीय कामासाठी लागणारी साधने एकत्र आणण्याचा बायोपायथॉन हा प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला आणि पुढल्याच वर्षी त्याची पहिली आवृत्ती निघाली. ही लायब्ररी विनामूल्य व मुक्तस्रोत असून जगभरातील स्वयंसेवक तिची देखभाल करतात. तिच्यातील दोन विभाग आपल्या कामाचे आहेत. एन्ट्रेझ हा विभाग माहिती केंद्राशी संवाद साधतो, तर सीक-आयओ हा विभाग आलेली नोंद वाचून तिचे रकाने वेगळे करतो.

प्रथमच सांगावयास हवे की हा संवाद शिष्टाचाराला धरून करावा लागतो. आज्ञावलीच्या आरंभी स्वतःचा ईमेल पत्ता देणे अपेक्षित असते. आपल्या आज्ञावलीमुळे केंद्राच्या संगणकावर अवाजवी ताण आल्यास संपर्क साधता यावा हा त्यामागील हेतू आहे. विनाओळख वापरकर्त्याला दर सेकंदास ३ विनंत्या करता येतात. २०१८ पासून सुरू झालेल्या योजनेनुसार खाते उघडून संकेत-किल्ली घेतल्यास ही मर्यादा १० होते. बायोपायथॉन ही मर्यादा आपणहून पाळते. परंतु प्रयोगशाळेतील तीस संगणक एकाच जोडणीवरून एकाच वेळी विनंत्या करू लागले, तर प्रत्येक आज्ञावली नियमात असूनही एकत्रित वेग मर्यादेबाहेर जातो आणि सर्वांचेच काम थांबते. प्रात्यक्षिकाच्या तासाला अशा वेळी दोष संगणकाला दिला जातो. त्यावर उपाय म्हणजे शिक्षकाने आदल्या दिवशी नोंदी आणून फाइलच्या रूपात वाटणे.

शोधाची आज्ञा :

शोधासाठी ई-सर्च ही आज्ञा आहे. तिला दोन गोष्टी सांगाव्या लागतात : कोणत्या संग्रहात शोधावयाचे आणि काय शोधावयाचे. येथे संग्रह न्यूक्लिओटाइडचा होय. काय शोधावयाचे हे सांगताना केवळ शब्द देऊन भागत नाही. तो शब्द कोणत्या रकान्यात पाहावा हेही चौकटी कंसात सांगावे. रकाना न सांगितल्यास तो शब्द नोंदीच्या शीर्षकात, टिपणात, एखाद्या लेखाच्या नावात, कोठेही आढळला तरी नोंद निवडली जाऊ शकते. नागाच्या विषासंबंधी शोध घेताना मानवी प्रतिपिंडाची नोंद हाती लागते ती यामुळेच. सजीवाच्या नावासाठी 'ऑर्गनिझम', जनुकासाठी 'जीन', लांबीसाठी 'एसलेन' आणि प्रसिद्धीच्या तारखेसाठी 'पीडॅट' असे रकाने आहेत. लांबीची मर्यादा २९०००:३०००० अशी विसर्गचिन्ह घालून देता येते; पूर्ण जनुकक्रम आणि अर्धवट तुकडे वेगळे करण्यास ही युक्ती फार उपयोगी पडते. अटी जोडणारे 'अँड', 'ऑर' व 'नॉट' हे शब्द मोठ्या लिपीतच द्यावे लागतात.

सजीवाचे नाव देताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माहिती केंद्राचे वर्गीकरण वृक्षासारखे आहे आणि 'ऑर्गनिझम'चा शोध दिलेल्या फांदीच्या खालच्या सर्व डहाळ्यांपर्यंत जातो. कोविड-१९ विषाणूचा वर्गीकरण क्रमांक २६९७०४९ आहे. तो ६९४००९ या क्रमांकाच्या व्यापक गटात येतो. दुसरा क्रमांक दिल्यास २००३ च्या सार्स साथीतील विषाणू आणि वटवाघळांतील त्यांचे नातलग हेही निकालात येतील. कधी हेच हवे असते, कधी नसते. ठरवावयाचे असते अभ्यासकाने.

आता २० च्या आकड्याकडे वळू. ई-सर्चच्या उत्तरात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. 'काउंट' हा एकूण जुळलेल्या नोंदींचा आकडा आणि 'आयडी-लिस्ट' ही त्यांच्या क्रमांकांची यादी. अभ्यासकाने काहीच न सांगितल्यास यादीत फक्त पहिले २० क्रमांक येतात. एकूण नोंदी साडेचार हजार असोत की चार लाख, यादी २० चीच. संगणक कोणताही इशारा देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते. जो विद्यार्थी 'काउंट' पाहत नाही आणि थेट यादीवर काम सुरू करतो, त्याचे आलेख नीट येतात, सरासरी निघते, निष्कर्षही लिहिला जातो. फक्त तो निष्कर्ष २० नोंदींपुरता असतो. शिवाय हे २० यादृच्छिक निवडलेले नसतात, त्यामुळे त्यांना नमुना-निवड म्हणण्याचीही सोय नाही. 'रेटमॅक्स' या घटकाला मोठी संख्या दिल्यास यादी वाढते. नोंदी फारच असतील तर निकाल केंद्राच्याच संगणकावर तात्पुरता साठवून, त्याची खूण घेऊन, शेदोनशेच्या गटांनी नोंदी आणण्याची सोयही आहे. कोणताही मार्ग घेतला तरी आणलेल्या नोंदींची संख्या 'काउंट'शी ताडून पाहणारी एक ओळ आज्ञावलीत असलीच पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रही मत आहे.

नोंद आणणे व वाचणे :

नोंद आणण्यासाठी ई-फेच ही आज्ञा वापरतात. तिला नोंदक्रमांक आणि हवे असलेले स्वरूप सांगावे लागते. 'फास्टा' या स्वरूपात एक शीर्षक-ओळ व क्रम एवढेच येते. 'जीबी' या स्वरूपात संपूर्ण नोंद येते. क्रम तेवढाच हवा असेल तर पहिले स्वरूप हलके पडते. मात्र नमुना कोठला, तारीख कोणती, जनुक कोठे सुरू होते, हे प्रश्न पुढे उद्भवणारच असतात. तेव्हा आरंभीच पूर्ण नोंद आणून ठेवलेली बरी.

ई-फेच जे परत देते तो एक प्रवाह असतो, फाइल नव्हे. नळाचे पाणी एकदा वाहून गेले की पुन्हा त्याच धारेतून भांडे भरता येत नाही. काय आले ते पाहावे म्हणून विद्यार्थी प्रथम तो प्रवाह पडद्यावर छापतो आणि मग तोच सीक-आयओकडे देतो. तेव्हा 'एकही नोंद आढळली नाही' असे उत्तर मिळते. सर्वांत सुरक्षित पद्धत अशी की आलेला मजकूर आधी फाइलमध्ये जतन करावा आणि त्यापुढील सर्व काम त्या फाइलवर करावे. वीज गेली, जोडणी तुटली, तरी काम अडत नाही. आणि सहा महिन्यांनी परीक्षकाने विचारल्यास नेमक्या कोणत्या मजकुरावर विश्लेषण केले हे दाखवता येते.

सीक-आयओमधील 'रीड' ही आज्ञा फाइलमध्ये एकच नोंद आहे असे गृहीत धरते. एकाहून अधिक किंवा शून्य नोंदी आढळल्यास ती त्रुटी दाखवून थांबते. 'पार्स' ही आज्ञा एकामागून एक कितीही नोंदी वाचते. एकच नोंद अपेक्षित असताना 'रीड' वापरणे हा स्वतःवर ठेवलेला एक प्रकारचा पहारा होय.

मोठ्या गुणसूत्रांच्या बाबतीत वेगळाच प्रसंग येतो. काही नोंदींत प्रत्यक्ष क्रम नसून तो कोणत्या तुकड्यांपासून जोडावा याची केवळ यादी असते. 'जीबी' स्वरूप मागितल्यास लांबी कळते, पण अक्षरे येत नाहीत. बायोपायथॉनच्या जुन्या आवृत्त्या अशा ठिकाणी तेवढ्याच लांबीची 'एन' अक्षरांची माळ उभी करीत. तिच्यात ग्वानिन व सायटोसिन यांचे प्रमाण मोजले तर ते शून्य टक्के येई आणि आज्ञावली तक्रार न करता पुढे जाई. नव्या आवृत्त्या क्रम अज्ञात असल्याचे स्पष्ट सांगून थांबतात. अशा वेळी 'जीबी-विथ-पार्ट्स' हे स्वरूप मागावे.

स्थानांक मोजण्याचा प्रश्न :

नोंदीच्या वैशिष्ट्य-यादीत प्रत्येक जनुकाचा आरंभ व शेवट दिलेला असतो. कोविड-१९ विषाणूच्या काटेरी प्रथिनाचे जनुक २१५६३ पासून २५३८४ पर्यंत आहे. माहितीपेढी पहिल्या अक्षराला १ म्हणते आणि दोन्ही टोके धरते. त्यामुळे लांबी ३,८२२ अक्षरे भरते, म्हणजे १,२७४ त्रिके, म्हणजेच १,२७३ अमिनो आम्ले व एक विरामखूण. पायथॉन मात्र पहिल्या अक्षराला ० म्हणते आणि शेवटचे टोक वगळते. हेच जनुक बायोपायथॉनमध्ये २१५६२ ते २५३८४ असे दिसते. आरंभ एकाने कमी, शेवट तोच. यात विसंगती नाही, मोजण्याच्या दोन रीती आहेत.

ही बाब क्षुल्लक वाटते, म्हणून एक उदाहरण सविस्तर पाहू. काटेरी प्रथिनातील ६१४ वे अमिनो आम्ल मूळ विषाणूत ॲस्पार्टिक आम्ल होते. २०२० मध्ये तेथे ग्लायसिन असलेला प्रकार जगभर पसरला. त्या अमिनो आम्लाचे त्रिक शोधावयाचे तर २१५६३ मध्ये ६१३ गुणिले ३, म्हणजे १,८३९ मिळवावे, उत्तर २३४०२. म्हणजे त्रिक २३४०२ ते २३४०४ या स्थानी आहे. पायथॉनमध्ये ते २३४०१ ते २३४०४ असे मागावे लागते आणि 'जीएटी' ही अक्षरे मिळतात. हेच ॲस्पार्टिक आम्लाचे त्रिक होय. त्यातील मधले अक्षर, म्हणजे २३४०३ व्या स्थानचे 'ए' जाऊन 'जी' आले की ग्लायसिन होते. आता एखाद्याने माहितीपेढीचा आकडा जसाच्या तसा घेऊन २३४०२ पासून तीन अक्षरे मागितली, तर त्याला 'एटीजी' मिळेल. हे मेथिओनिनचे त्रिक आहे, इतकेच नव्हे तर प्रथिनाच्या आरंभाची प्रसिद्ध खूणही आहे. चूक झाली की उत्तर निरर्थक येईल अशी आपली अपेक्षा असते. येथे ते अर्थपूर्ण दिसणारे येते आणि म्हणूनच धोका वाढतो.

याहून बोधप्रद प्रकार याच विषाणूच्या पहिल्या मोठ्या जनुकाचा आहे. एनसी_०४५५१२.२ या नोंदीत त्या जनुकाची मर्यादा २६६ ते २१५५५ अशी सलग दिलेली आहे, परंतु प्रथिनासाठी वाचावयाच्या भागाची नोंद निराळी आहे : २६६ ते १३४६८ आणि पुन्हा १३४६८ ते २१५५५ यांची जोडणी. १३४६८ हा आकडा दोनदा आला आहे, हा मुद्रणदोष नव्हे. पेशीतील रायबोसोम त्या ठिकाणी एक अक्षर मागे घसरतो आणि तेच अक्षर दुसऱ्यांदा वाचून पुढील सर्व त्रिके निराळ्या चौकटीत वाचतो. या जोडणीनुसार लांबी २१,२९१ अक्षरे होते आणि तिला ३ ने नि:शेष भाग जाऊन ७,०९६ अमिनो आम्ले व एक विरामखूण मिळते. ज्याने सलग मर्यादा घेऊन क्रम कापला, त्याच्या हाती २१,२९० अक्षरे येतात. भाषांतर पहिल्या विरामखुणेपाशी, म्हणजे १३४८३ व्या अक्षराशी थांबविल्यास ४,४०५ अमिनो आम्लांचे प्रथिन मिळते. गमावलेल्या २,६९१ अमिनो आम्लांत विषाणूची प्रतिकृती करणारे पॉलिमरेज विकर आहे. रेमडेसिव्हिर हे औषध ज्यावर कार्य करते तेच. अशा आज्ञावलीवर विसंबणाऱ्याला या विषाणूत पॉलिमरेजच नाही, असे दिसेल.

बायोपायथॉनमध्ये प्रत्येक वैशिष्ट्यासाठी 'एक्स्ट्रॅक्ट' ही कृती आहे. ती जोडणी, उलटी दिशा, पुनरावृत्त अक्षर हे सर्व लक्षात घेऊन योग्य क्रम काढून देते. हाताने आकडे कापण्यापेक्षा तिचाच वापर करावा. शिवाय बहुतेक नोंदींत प्रथिनाचा अपेक्षित क्रमही दिलेला असतो. आपण केलेले भाषांतर त्याच्याशी जुळते का, हे एका ओळीत तपासता येते.

बदलती नावे :

माहितीपेढी स्थिर नसते, आणि लायब्ररीही नसते. नमुना कोणत्या देशातून घेतला हे सांगणाऱ्या रकान्याचे नाव अनेक वर्षे 'कंट्री' असे होते. २०२४ मध्ये ते बदलून 'जिओ-लोक-नेम' असे करण्यात आले. जुनी आज्ञावली 'कंट्री' शोधते, तिला काही सापडत नाही. ती रकाना नसल्यास 'अज्ञात' लिहावे अशा सूचनेने बांधलेली असेल, तर सर्व नोंदींपुढे निमूटपणे 'अज्ञात' असे लिहून मोकळी होते. लायब्ररीच्या बाजूनेही असेच घडते. क्रमाबरोबर त्याची वर्णमाला सांगण्याची जुनी पद्धत २०२० मध्ये १.७८ या आवृत्तीपासून काढून टाकण्यात आली. बाजारात मिळणाऱ्या जुन्या पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे त्यामुळे आज चालत नाहीत. तेथे निदान त्रुटीचा संदेश तरी येतो. 'कंट्री'च्या बाबतीत तोही येत नाही.

अशा अडचणी टाळण्यासाठी काही जण सर्व माहिती हाताने उतरवून तक्त्याच्या आज्ञावलीत ठेवणे पसंत करतात. तो मार्ग अधिक निसरडा आहे. 'सेप्ट२' किंवा 'मार्च१' अशी नावे असलेली मानवी जनुके एक्सेलच्या तक्त्यात टाकताच ती तारखा समजून बदलली जात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेल तक्त्यात जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांचे नामकरण करणाऱ्या समितीने या जनुकांची नावेच बदलली. संगणकाच्या खोडीपुढे जीवशास्त्राने माघार घेतल्याचे हे दुर्मीळ उदाहरण असावे.

नोंदींची विश्वासार्हता :

आज्ञावली निर्दोष असली तरी नोंद निर्दोष असेलच असे नाही. जेनबँकेत जमा होणाऱ्या नोंदींची प्राथमिक तपासणी होते. परंतु सजीवाची ओळख बरोबर आहे की नाही, याची जबाबदारी जमा करणाऱ्यावरच राहते. बुरशीच्या नोंदींचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २००६ मध्ये असे दाखवले की त्यांतील सुमारे २० टक्के नोंदींत प्रजातीची ओळख चुकीची असावी. मार्टिन स्टाइनेगर व स्टीव्हन साल्झबर्ग यांनी २०२० मध्ये जेनबँकेतील २० लाखांहून अधिक नोंदी परक्या सजीवाच्या डीएनएने दूषित असल्याचे संगणकीय पद्धतीने दाखवून दिले. ज्या विद्यार्थ्याला आपल्या परिसरातील बुरशी ओळखावयाची आहे, त्याने केवळ सर्वाधिक जुळणारी पहिली नोंद घेऊन तिच्यावरील नाव आपल्या नमुन्याला देणे कितपत योग्य, याचा विचार करावा. त्या नोंदीमागे जतन केलेला नमुना आहे का, त्याचा क्रमांक दिला आहे का, ती कोणत्या निबंधाशी निगडित आहे, हे सर्व नोंदीतच लिहिलेले असते आणि बायोपायथॉन ते रकाने सहज काढून देते. क्रमाच्या वरचा मजकूर वाचण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

चांगल्या नोंदीचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. केरळातील पहिल्या कोविड रुग्णांच्या नमुन्यांवरून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वाचलेले भारतातील पहिले दोन पूर्ण जनुकक्रम एमटी०१२०९८ आणि एमटी०५०४९३ या क्रमांकांनी जेनबँकेत आहेत. दोन्ही क्रमांक स्वल्पविराम देऊन एकाच ई-फेचने मागवता येतात आणि 'पार्स'ने वाचता येतात. प्रात्यक्षिकासाठी या दोन नोंदी वुहानच्या नोंदीशेजारी ठेवून काटेरी प्रथिनाचे जनुक 'एक्स्ट्रॅक्ट'ने काढावे, त्यांची भाषांतरे एकमेकांशी ताडून पाहावीत. एका तासात होणारे हे काम आहे. लांबी आणि आरंभबिंदू प्रत्येक नोंदीत वेगळे असू शकतात, म्हणून एका नोंदीचे स्थानांक दुसरीला लावू नयेत.

नोंद एकदा पाहिली म्हणजे ती कायम तेथेच राहील, असेही गृहीत धरता येत नाही. वुहानमधील साथीच्या आरंभीच्या काही नमुन्यांची कच्ची माहिती जमा करणाऱ्यांच्याच विनंतीवरून जून २०२० मध्ये माहिती केंद्राच्या संग्रहातून काढून घेण्यात आली होती. अमेरिकन संशोधक जेसी ब्लूम यांनी २०२१ मध्ये इतरत्र राहिलेल्या प्रतींवरून त्यातील १३ क्रमांची अंशतः पुनर्रचना केली. माहिती मागे घेण्याचा जमा करणाऱ्याचा अधिकार मान्य केला, तरी ज्यांनी त्या काळात ती उतरवून ठेवली नव्हती त्यांच्यापुढे कोणताही पर्याय उरला नव्हता.

या सर्व कारणांमुळे प्रकल्प अहवालाच्या 'पद्धती' या प्रकरणात 'जेनबँकेतून क्रम घेतले' एवढे एक वाक्य पुरेसे मानू नये. शोधाचे संपूर्ण वाक्य, रकान्यांच्या खुणांसह, जसेच्या तसे द्यावे. शोध कोणत्या दिवशी घेतला ती तारीख द्यावी. 'काउंट' किती आला आणि प्रत्यक्ष किती नोंदी आणल्या हे दोन्ही आकडे द्यावेत. गाळलेल्या नोंदी कोणत्या कसोटीवर गाळल्या ते लिहावे. परिशिष्टात सर्व नोंदक्रमांक आवृत्तीसह यावेत, आणि पायथॉन व बायोपायथॉन यांच्या आवृत्त्यांचे आकडेही. मूळ आणलेली फाइल विभागाच्या संगणकावर, विद्यार्थी महाविद्यालय सोडून गेल्यानंतरही, जपून ठेवावी.